मोल आणि ग्रॅमचा हिशेब: खताचे पोते, माती परीक्षण अहवाल आणि कपाशीवरील लाल्या

यवतमाळ जिल्ह्यात बोंडे भरण्याच्या काळात कपाशीची पाने लाल पडू लागली की कृषी सेवा केंद्रात मॅग्नेशियम सल्फेटची मागणी वाढते. पिशवीवर मॅग्नेशियमचे प्रमाण टक्क्यांत असते, शिफारस किलो प्रति हेक्टरमध्ये असते आणि प्रयोगशाळेच्या सविस्तर अहवालात हेच मॅग्नेशियम ‘सेंटिमोल प्रति किलो’ या एककात लिहिलेले असते. तिन्ही आकडे बरोबर असतात. पण एकमेकांशी जुळवून पाहिल्याशिवाय जमिनीत किती आहे, आपण किती घालतो आणि पैसा कशावर जातो, हे कळत नाही.

हे आकडे एका एककात आणण्याचे साधन म्हणजे मोलर वस्तुमान. मोलचे ग्रॅम आणि ग्रॅमचे मोल कसे करावेत, तेच गणित खताचे लेबल, माती परीक्षण अहवाल आणि फवारणीच्या पंपाला कसे लावावे, याची माहिती या लेखात दिली आहे. गुणाकार-भागाकार येत असेल आणि हाताशी मोबाइलचा कॅल्क्युलेटर असेल, तर एवढी तयारी पुरेशी आहे.

मोल म्हणजे काय?

सोयाबीनचे उदाहरण घेऊ. एकरी झाडांची संख्या दाण्यांच्या संख्येवर ठरते, पण बियाणे किलोवर मिळते. संख्या आणि वजन यांना जोडणारा आकडा म्हणजे १०० दाण्यांचे वजन. समजा १०० दाण्यांचे वजन १२ ग्रॅम आहे, तर ३० किलो बियाण्यात २ लाख ५० हजार दाणे येतात. दाणा बारीक असून १०० दाण्यांचे वजन १० ग्रॅम भरले, तर त्याच ३० किलोत ३ लाख दाणे येतात. वजन तेच, संख्या वेगळी.

अन्नद्रव्यांचेही तसेच आहे. रासायनिक क्रिया अणू-रेणूंच्या संख्येने होतात. दुकानात मात्र किलो मोजले जातात. अणू इतके लहान असतात की शेकड्याने किंवा हजाराने मोजून भागत नाही. म्हणून रसायनशास्त्रात मोजणीसाठी फार मोठा ‘शेकडा’ ठरवला आहे. त्याचे नाव मोल. एका मोलमध्ये ६०२२ या आकड्यापुढे २० शून्ये दिल्यावर होते साधारण तेवढी कणसंख्या असते. हिला ॲव्होगॅड्रो अंक म्हणतात. २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या याच ठराविक संख्येवर आधारलेली आहे.

एक मोल पदार्थाचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे मोलर वस्तुमान. बियाण्यात १०० दाण्यांचे वजन जे काम करते, तेच काम इथे मोलर वस्तुमान करते. एक मोल पाणी १८ ग्रॅम, एक मोल युरिया ६० ग्रॅम, तर एक मोल मॅग्नेशियम सल्फेट (स्फटिक) सुमारे २४६ ग्रॅम भरते. तिन्हींत रेणूंची संख्या सारखीच असते.

मोलर वस्तुमान कसे काढावे?

पदार्थात कोणत्या मूलद्रव्याचे किती अणू आहेत ते पाहावे, प्रत्येकाच्या अणुवस्तुमानाला त्या संख्येने गुणावे आणि बेरीज करावी. शेतीच्या कामाला पुरतील असे पूर्णांकित आकडे पुढे दिले आहेत.

| मूलद्रव्य | १ मोलचे वजन (ग्रॅम) | मूलद्रव्य | १ मोलचे वजन (ग्रॅम) |
|---|---|---|---|
| हायड्रोजन | १ | गंधक | ३२.१ |
| बोरॉन | १०.८ | क्लोरीन | ३५.५ |
| कार्बन | १२ | पोटॅशियम | ३९.१ |
| नायट्रोजन | १४ | कॅल्शियम | ४०.१ |
| ऑक्सिजन | १६ | लोह | ५५.८ |
| सोडियम | २३ | जस्त | ६५.४ |
| मॅग्नेशियम | २४.३ | फॉस्फरस | ३१ |

*उदाहरण १: युरिया.* युरियाच्या एका रेणूत कार्बनचा १, ऑक्सिजनचा १, नायट्रोजनचे २ आणि हायड्रोजनचे ४ अणू असतात. १२ + १६ + २८ + ४ = ६०. त्यात नायट्रोजन २८ ग्रॅम. २८ ÷ ६० = ४६.७ टक्के. पोत्यावर ४६ टक्के नत्र लिहिलेले असते ते यामुळेच. ४५ किलोच्या पोत्यातून ४५ × ०.४६ = २०.७ किलो नत्र मिळते.

*उदाहरण २: मॅग्नेशियम सल्फेट.* बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या स्फटिकात मॅग्नेशियमचा १, गंधकाचा १ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असतात. शिवाय पाण्याचे ७ रेणू स्फटिकात बांधलेले असतात. २४.३ + ३२.१ + ६४ + (७ × १८) = २४६.४. यात मॅग्नेशियम २४.३ ÷ २४६.४ = ९.९ टक्के आणि गंधक १३ टक्के. निम्म्याहून थोडे जास्त वजन, म्हणजे १२६ ग्रॅम, निव्वळ पाण्याचे आहे.

दोन सूत्रे

- मोल = ग्रॅम ÷ मोलर वस्तुमान
- ग्रॅम = मोल × मोलर वस्तुमान

*उदाहरण ३.* एकरी २०० लिटर पाण्यातून १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट फवारायचे आहे. १ टक्का म्हणजे १०० लिटरला १ किलो, म्हणून २०० लिटरला २ किलो. २००० ÷ २४६.४ = ८.१ मोल. प्रत्येक मोलमध्ये मॅग्नेशियमचा एक मोल आहे, म्हणून ८.१ × २४.३ = १९७ ग्रॅम मॅग्नेशियम. दोन किलोच्या पिशवीतून एकरभर पानांवर जाणारे प्रत्यक्ष मॅग्नेशियम पावशेरहूनही कमी असते, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

स्फटिकातील पाणी: एकच नाव, दोन माल

झिंक सल्फेट दोन प्रकारांत मिळते. एका प्रकारात पाण्याचे ७ रेणू असतात (हेप्टाहायड्रेट), दुसऱ्यात १ (मोनोहायड्रेट). जस्त दोन्हींत सारखेच; फरक पाण्याचा.

| प्रकार | मोलर वस्तुमान | शुद्ध पदार्थातील जस्त | लेबलवरील जस्त |
|---|---|---|---|
| झिंक सल्फेट, पाण्याचे ७ रेणू | २८७.५ | २२.७ टक्के | २१ टक्के |
| झिंक सल्फेट, पाण्याचा १ रेणू | १७९.५ | ३६.४ टक्के | ३३ टक्के |

हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट अशी शिफारस असते तेव्हा ती सहसा २१ टक्क्यांच्या मालासाठी असते. २५ किलोतून ५.२५ किलो जस्त मिळते. तेवढेच जस्त ३३ टक्क्यांच्या मालातून घ्यायचे तर ५.२५ ÷ ०.३३ = १५.९, म्हणजे सुमारे १६ किलो पुरते. एकरी हिशेब १० किलो विरुद्ध ६.४ किलो असा येतो. शिफारशीचा आकडा तसाच ठेवून ३३ टक्क्यांचे २५ किलो टाकले, तर दीडपटीहून अधिक जस्त पडते आणि तेवढा खर्चही वाया जातो.

भाव तपासतानाही हाच आकडा वापरावा. ३३ ÷ २१ = १.५७. मोनोहायड्रेटचा किलोचा भाव हेप्टाहायड्रेटच्या १.५७ पटीपर्यंत असेल तर तो महाग पडत नाही. त्याहून जास्त असेल तर साधे २१ टक्क्यांचे घेणे परवडते. कोणत्याही दोन खतांची तुलना पोत्याच्या भावावर न करता १ किलो अन्नद्रव्याच्या भावावर करावी: पोत्याचा भाव ÷ (पोत्याचे वजन × टक्के ÷ १००).

*लेबल पडताळण्याची एक सोपी युक्ती.* शुद्ध पदार्थातील टक्केवारी ही वरची मर्यादा असते. विक्रीचा माल शंभर टक्के शुद्ध नसतो, म्हणून लेबलवरील हमी त्याहून थोडी कमी असते. हमीचे आकडे खत (नियंत्रण) आदेश, १९८५ प्रमाणे ठरतात. पाण्याचे ७ रेणू असलेल्या झिंक सल्फेटच्या पिशवीवर २२.७ टक्क्यांहून जास्त जस्त लिहिलेले असेल, तर ते शक्यच नाही. तसेच इतर मालाचे आहे:

| खत | मोलर वस्तुमान | शुद्ध पदार्थातील कमाल प्रमाण |
|---|---|---|
| मॅग्नेशियम सल्फेट, पाण्याचे ७ रेणू | २४६.४ | मॅग्नेशियम ९.९ टक्के |
| फेरस सल्फेट, पाण्याचे ७ रेणू | २७७.९ | लोह २०.१ टक्के |
| बोरॅक्स, पाण्याचे १० रेणू | ३८१.२ | बोरॉन ११.३ टक्के |
| बोरिक आम्ल | ६१.८ | बोरॉन १७.५ टक्के |
| जिप्सम, पाण्याचे २ रेणू | १७२.२ | कॅल्शियम २३.३, गंधक १८.६ टक्के |

मॅग्नेशियम सल्फेटच्या काही पिशव्यांवर १६ टक्के असा आकडा दिसतो. तो मॅग्नेशियमचा नसून मॅग्नेशियम ऑक्साइडचा असतो. एक मोल मॅग्नेशियम २४.३ ग्रॅम, त्याचे ऑक्साइड ४०.३ ग्रॅम. ४०.३ ÷ २४.३ = १.६६. म्हणजे ९.९ टक्के मॅग्नेशियम आणि १६.४ टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड हा एकच माल. आकडा मोठा दिसतो म्हणून जास्त पैसे देऊ नयेत. लेबलवर त्या आकड्यापुढे काय लिहिले आहे ते वाचावे.

स्फुरद आणि पालाश: नावातला घोळ

आपल्या भाषेत ‘स्फुरद’ हा शब्द मूलद्रव्य फॉस्फरससाठीही वापरला जातो आणि त्याच्या ऑक्साइडसाठीही. ‘पालाश’चेही तेच. जुन्या काळी विश्लेषणात अन्नद्रव्ये ऑक्साइडच्या रूपात मोजून मांडण्याची पद्धत होती. ती खतांच्या व्यापारात अजून टिकून आहे. त्यामुळे पोत्यावरील १८:४६ मधील ४६ हा आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो आणि म्युरेट ऑफ पोटॅशवरील ६० हा पोटॅशियम ऑक्साइडचा.

रूपांतर मोलर वस्तुमानावरूनच येते.

- फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये फॉस्फरसचे २ आणि ऑक्सिजनचे ५ अणू: ६२ + ८० = १४२. म्हणून फॉस्फरस × २.२९ = ऑक्साइड रूपातील स्फुरद; उलट करताना ऑक्साइड × ०.४४ = फॉस्फरस.
- पोटॅशियम ऑक्साइडमध्ये पोटॅशियमचे २ आणि ऑक्सिजनचा १ अणू: ७८.२ + १६ = ९४.२. म्हणून पोटॅशियम × १.२० = ऑक्साइड रूपातील पालाश; उलट करताना ऑक्साइड × ०.८३ = पोटॅशियम.

*उदाहरण ४: शिफारस.* समजा कोरडवाहू कपाशीला हेक्टरी ६०:३०:३० किलो नत्र, स्फुरद, पालाश द्यायचे आहे. एकरी ते सुमारे २४:१२:१२ होते. शिफारशीतील स्फुरद व पालाश ऑक्साइड रूपातच असतात. १२ किलो स्फुरदासाठी १२ ÷ ०.४६ = २६ किलो डीएपी लागते. त्यातून ४.७ किलो नत्र मिळते. उरलेल्या १९.३ किलो नत्रासाठी १९.३ ÷ ०.४६ = ४२ किलो युरिया लागतो; तो हप्त्याहप्त्याने द्यावा. १२ किलो पालाशासाठी १२ ÷ ०.६० = २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते.

हेच १२ किलो कोणी शुद्ध फॉस्फरस समजले, तर १२ × २.२९ = २७.५ किलो ऑक्साइड, म्हणजे ६० किलो डीएपी होते. एका शब्दाच्या अर्थावरून एकरी अर्ध्या पोत्याचे सव्वा पोते होते.

*उदाहरण ५: अहवाल.* माती परीक्षण अहवालात उपलब्ध स्फुरद हेक्टरी २० किलो लिहिले आहे. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते ऑल्सेन पद्धतीने काढतात. तीन स्तरांच्या प्रचलित वर्गवारीत फॉस्फरस हेक्टरी १० किलोपेक्षा कमी असेल तर कमी आणि १० ते २५ किलो असेल तर मध्यम मानतात. २० हा आकडा फॉस्फरसचा असेल तर जमीन मध्यम गटात येते. तो ऑक्साइडचा असेल तर २० × ०.४४ = ८.८, म्हणजे जमीन कमी गटात जाते. शिफारस बदलते. म्हणून सल्ला देण्यापूर्वी विस्तार कार्यकर्त्यांनी अहवालातील आकडा कोणत्या रूपात आहे आणि वर्गवारीचा तक्ता कोणत्या रूपात आहे, हे प्रयोगशाळेकडून पक्के करून घ्यावे.

माती अहवालातील ‘सेंटिमोल’ वाचावा कसा?

१९ फेब्रुवारी २०१५ पासून सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक तपासले जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. यात मॅग्नेशियम आणि कॅल्शियम नाहीत. लाल्याच्या बाबतीत मॅग्नेशियमचा आकडा हवा असेल, तर ‘अदलाबदलयोग्य मॅग्नेशियम’ ही तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

तिचा अहवाल ‘सेंटिमोल (धनप्रभार) प्रति किलो’ या एककात येतो. जुन्या अहवालांत ‘मिलिइक्विव्हॅलंट प्रति १०० ग्रॅम’ असे असते. दोन्हींचा आकडा एकच असतो. सेंटिमोल म्हणजे मोलचा शंभरावा भाग. येथे मोजणी अणूंची नसून त्यांच्यावरील प्रभारांची असते. मॅग्नेशियम आणि कॅल्शियमच्या प्रत्येक आयनावर २ प्रभार असतात, पोटॅशियम आणि सोडियमच्या आयनावर १. म्हणून अणुवस्तुमानाला प्रभाराने भागावे लागते: मॅग्नेशियम २४.३ ÷ २ = १२.१५.

आता टप्प्याटप्प्याने रूपांतर करू.

१. १ सेंटिमोल = ०.०१ मोल प्रभार. मॅग्नेशियमचे ०.०१ × १२.१५ = ०.१२१५ ग्रॅम, म्हणजे १ किलो मातीत १२१.५ मिलिग्रॅम. यालाच १२१.५ पीपीएम म्हणतात.

२. एका हेक्टरमध्ये १५ सेंटिमीटर खोलीपर्यंत २२.४ लाख किलो माती धरण्याची पद्धत आहे. म्हणून पीपीएम × २.२४ = किलो प्रति हेक्टर.

३. १२१.५ × २.२४ = २७२ किलो मॅग्नेशियम प्रति हेक्टर.

| अहवालातील १ सेंटिमोल प्रति किलो | पीपीएम | किलो प्रति हेक्टर (१५ सेंमी थर) |
|---|---|---|
| मॅग्नेशियम | १२१.५ | २७२ |
| कॅल्शियम | २०० | ४४९ |
| पोटॅशियम | ३९१ | ८७६ |
| सोडियम | २३० | ५१५ |

सोडियमच्या ओळीचा उपयोग चोपण जमिनीत होतो. मातीवरील १ सेंटिमोल सोडियम हटवायला कॅल्शियमचा तेवढाच प्रभार लागतो. जिप्समचे मोलर वस्तुमान १७२.२, प्रभार २, म्हणून ८६.१. ०.०१ × ८६.१ = ०.८६१ ग्रॅम प्रति किलो माती, म्हणजे १५ सेंमी थरासाठी हेक्टरी सुमारे १.९ टन शुद्ध जिप्सम. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात हे गणित नेहमी लागते.

लाल्यासाठी पोते घेण्यापूर्वी

समजा राळेगाव किंवा बाभूळगावकडील भारी काळ्या जमिनीचा अहवाल मॅग्नेशियम ८ सेंटिमोल असा आला. ८ × २७२ = २१७६ किलो मॅग्नेशियम प्रति हेक्टर. हेक्टरी २५ किलो मॅग्नेशियम सल्फेट टाकले, तर त्यातून ९.५ टक्के दराने २.४ किलो मॅग्नेशियम पडते. २.४ ÷ २७२ = ०.००९. म्हणजे अहवालातील ८ चा आकडा ८.००९ होईल. दोन हजार किलोंच्या कोठारात अडीच किलोंची भर पडून काही फरक होत नाही.

अशा शेतात पाने लाल पडत असतील, तर मॅग्नेशियमचा साठा संपलेला नाही. झाडाला तो उचलता येत नाही किंवा कारणच वेगळे आहे. बोंडे भरताना झाडाची मागणी वाढते. त्याच वेळी पावसाचा खंड पडून वरचा थर कोरडा होतो, किंवा पाणी साचून मुळ्या गुदमरतात, आणि रात्रीचे तापमान घसरते. नत्राची कमतरता असली तरी पाने लाल होतात. तुडतुड्यांच्या प्रादुर्भावात पानांच्या कडा खाली मुडपतात, पिवळ्या व नंतर लाल होतात. मॅग्नेशियमच्या कमतरतेत मात्र आधी खालची जुनी पाने शिरांमध्ये लालसर-जांभळी होतात आणि शिरा हिरव्या राहतात. म्हणून पान उलटून पाहावे, तुडतुडे मोजावेत, ओलावा तपासावा आणि मगच खरेदी करावी. या जमिनीत मातीतून देण्यापेक्षा फवारणी उपयोगी ठरते, कारण उदाहरण ३ मधील २०० ग्रॅमच्या आसपासचे मॅग्नेशियम मुळांची वाट टाळून थेट पानात जाते.

आता दुसरे शेत घ्या: डोंगरउताराची हलकी, मुरमाड जमीन. समजा अहवाल ०.८ सेंटिमोल आला. साधारणपणे १ सेंटिमोलपेक्षा कमी मॅग्नेशियम असलेली जमीन कमतरतेची समजतात. येथे ०.८ × २७२ = २१८ किलो साठा आहे. तो ०.८ वरून १ वर न्यायचा म्हटले तर ०.२ × २७२ = ५४ किलो मॅग्नेशियम, म्हणजे ५७० किलोंहून अधिक मॅग्नेशियम सल्फेट लागेल. ते परवडणारे नाही. म्हणून हलक्या जमिनीत मॅग्नेशियम सल्फेटचा हप्ता जमीन सुधारण्यासाठी नसतो. त्या हंगामातील पिकाला मुळांजवळ खाऊ घालण्यासाठी असतो. तो सर्व शेतात फेकून न देता ओळीजवळ, ओल असताना द्यावा. मुरमाड जमिनीचा थर १५ सेंमीपेक्षा उथळ असेल, किंवा त्यात दगडगोटे जास्त असतील, तर २२.४ लाख किलो माती हा आकडाही कमी धरावा.

दोन्ही शेतांत लाल पाने दिसली, पण सल्ला वेगळा आहे. तो वेगळा आहे हे सेंटिमोलचे किलो केल्यावरच दिसते.

एका पंपात दोन खते

लाल्यासाठी २ टक्के डीएपी आणि १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट अशा दोन्ही फवारण्या सांगितल्या जातात. वेळ वाचवण्यासाठी दोन्ही एकाच पंपात टाकल्यास काय होते, तेही मोलवरून कळते.

१० लिटर पाण्यात डीएपी २०० ग्रॅम: २०० ÷ १३२ = १.५ मोल. मॅग्नेशियम सल्फेट १०० ग्रॅम: १०० ÷ २४६.४ = ०.४१ मोल. डीएपीमधील अमोनियम व फॉस्फेट आणि मॅग्नेशियम १:१:१ या प्रमाणात एकत्र येऊन मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेट नावाचा पाण्यात फार कमी विरघळणारा साका तयार करतात. डीएपीचे मोल मॅग्नेशियमच्या साडेतीन पटीहून अधिक आहेत, त्यामुळे सगळे मॅग्नेशियम अडकायला पुरेसे फॉस्फेट हजर असते. या साक्याचे मोलर वस्तुमान सुमारे २४५. म्हणजे दहा लिटरच्या पंपात जास्तीत जास्त ०.४१ × २४५ = १०० ग्रॅमपर्यंत साका बनू शकतो. प्रत्यक्षात किती बनेल ते पाण्याचा सामू आणि वेळ यांवर अवलंबून असते. पण जेवढा बनेल तेवढे मॅग्नेशियम पानाला मिळत नाही आणि नोझल चोंदते. म्हणून या दोन फवारण्या वेगवेगळ्या दिवशी कराव्यात. मॅग्नेशियम सल्फेटसोबत काही द्यायचेच असेल तर युरिया चालतो; त्यात फॉस्फेट नसते.

नेहमी होणाऱ्या चुका

- खताच्या पूर्ण वजनालाच अन्नद्रव्याचे वजन समजणे. १० किलो मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे १० किलो मॅग्नेशियम नव्हे. एक किलोच्या आत.
- स्फटिकातील पाणी न धरणे. पाणी सोडून मोजले तर मॅग्नेशियम सल्फेटमध्ये २० टक्के मॅग्नेशियम निघते, प्रत्यक्षाच्या दुप्पट.
- ऑक्साइड आणि मूलद्रव्य यांची गल्लत करणे.
- सेंटिमोलचे रूपांतर करताना मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या २ प्रभारांनी भागायचे विसरणे. उत्तर दुप्पट येते.
- हेक्टर आणि एकर मिसळणे. १ हेक्टर = २.४७ एकर.
- हमीची टक्केवारी सोडून शुद्ध पदार्थाची टक्केवारी वापरणे. खरेदी व मात्रा लेबलवरील हमीने ठरवावी; सूत्राची टक्केवारी पडताळणीसाठी ठेवावी.

थोडक्यात

- मोल = ग्रॅम ÷ मोलर वस्तुमान; ग्रॅम = मोल × मोलर वस्तुमान.
- खताची मात्रा = हवे असलेले अन्नद्रव्य ÷ (लेबलवरील टक्के ÷ १००).
- फॉस्फरस × २.२९ आणि पोटॅशियम × १.२० = पोत्यावरील ऑक्साइड रूप.
- सेंटिमोल × (अणुवस्तुमान ÷ प्रभार) × २२.४ = किलो प्रति हेक्टर.
- पीपीएम × २.२४ = किलो प्रति हेक्टर.

वरील मात्रा गणित समजावण्यासाठी घेतल्या आहेत. आपल्या पिकाची, वाणाची आणि जमिनीची शिफारस डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या यवतमाळ येथील विभागीय कृषी संशोधन केंद्रातून, कृषी विज्ञान केंद्रातून किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयातून घ्यावी. जाताना माती परीक्षण अहवाल आणि खताच्या रिकाम्या पिशवीवरील लेबल सोबत न्यावे. आकडा कोणत्या एककात आहे, हा प्रश्न पहिल्यांदा विचारावा.